बाईंनी दिलेलं मशीन

९ जानेवारी

ही डायरी बाईंना एका बँकेने फुकट पाठवली होती. बाई म्हणाल्या, "बँकेने न मागता दिलेली ही पहिलीच गोष्ट. घे तुला." मी घेतली. काय लिहायचं माहीत नाही.

बाई म्हणजे वकीलबाई. ज्यांचं दिवाळं निघालंय त्यांच्या वकील. मी त्यांच्या ऑफिसात फाइली लावते, पाणी देते, झेरॉक्स काढते. फोन घेत नाही. पहिल्या दिवशी घेतला होता. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून दमला तेव्हा बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फोन त्यांच्या टेबलावर गेला.

शाळेतपण हेच व्हायचं. उभं राहून वाच म्हटलं की आवाजच निघायचा नाही. नववीत जायचं सोडून दिलं. कोणी विचारायला आलं नाही.

१४ जानेवारी

आज एक माणूस पिशवी घेऊन आला. पिशवीत नुसती पाकिटं, एकही फोडलेलं नाही. सगळे असंच करतात. बँकेचं पाकीट आलं की फोडायचं नाही, कपाटात टाकायचं. बाईंचा नियम आहे की पाकिटं वकील फोडणार नाही. ज्याची त्याने इथे बसून फोडायची. माणूस रडतो, घाम पुसतो, बाहेर जाऊन येतो. बाई पेपर वाचत बसतात.

आजच्या माणसाच्या एका पाकिटात त्याच्या बहिणीचं वाढदिवसाचं कार्ड निघालं, गेल्या वर्षीचं. तो म्हणाला, "आणि मी तिच्याशी अबोला धरून बसलोय, विसरली म्हणून!" बाई म्हणाल्या, "बघा, फायदा झाला की नाही."

२१ जानेवारी

बेकरीवाले आले होते. पाकिटं फोडून झाल्यावर बाईंनी त्यांना तो प्रश्न विचारला, जो त्या सगळ्यांना विचारतात. "गेल्या दोन वर्षांत कुणाला काही दिलंत? विकलंत? सांभाळायला ठेवलंत?"

बेकरीवाले म्हणाले, नाही.

बाई म्हणाल्या, "पीठ मळायचं मशीन कुठंय?"

"ते होय... ते मेहुण्याकडे आहे. त्याला लागत होतं."

"मेहुणा काय करतो?"

"रिक्षा चालवतो."

मी पाणी घेऊन उभी होते, मला हसू आलं, मी तोंड फिरवलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नीट ऐका. सांगितलंत तर मशीन जाईल आणि कर्ज सुटेल. लपवलंत आणि सापडलं, तर मशीनही जाईल आणि कर्ज मरेपर्यंत मानेवर राहील. सगळ्यांना वाटतं आपल्या माणसाचं तेवढं भलं करून मग बुडावं. तेवढंच करायचं नसतं." मग फोन पुढे सरकवला. "लावा मेहुण्याला."

४ फेब्रुवारी

ज्युनियर आले होते. ते पूर्वी बाईंच्या हाताखाली होते. आता त्यांचं स्वतःचं मोठं ऑफिस आहे, टक्कल पडलंय, तरी त्यांना सगळे ज्युनियरच म्हणतात. मला ते "काय छोटी" म्हणतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत, म्हणून मला आवडतात.

वकिलांच्या संघटनेला जुन्या वकिलांचे परिचय छापायचे आहेत. ज्युनियर म्हणाले, "मॅडम, एक पान फक्त. शिक्षण, कारकीर्द, दिवाळखोरीच्या क्षेत्रातलं योगदान."

"योगदान," बाई म्हणाल्या. "बापरे."

ते गेल्यावर बाई बाकड्यावर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून मला म्हणाल्या, लिही. माझं अक्षर चांगलं आहे. आणि लिहायला तोंड लागत नाही.

५ फेब्रुवारी

परिचयात लिहिलं ते एवढंच: वडील कोर्टात नोकरीला होते.

बाईंनी सांगितलं ते असं. वडील कोर्टाच्या लिलावात बोली पुकारायचे. कुणाचं घर-दुकान जप्त झालं की सामानाचा लिलाव. जे कोणीच घेत नसे ते वडील पडत्या भावात घरी आणायचे. बशांवर दुसऱ्याच हॉटेलचं नाव. पलंग एका डॉक्टरचा. बाईंच्या दप्तरावर दुसऱ्याच मुलीचं नाव शिवलेलं होतं, उसवलं तर कापड फाटलं असतं म्हणून तसंच ठेवलं. शाळेत काही पोरं त्यांना त्याच नावाने हाक मारायची. "मी ओ द्यायचे. कोण भांडत बसणार."

मी विचारलं, हे लिहू का? म्हणजे तोंडाने नाही विचारलं, पेन वर धरलं. त्यांना कळतं. म्हणाल्या, "छे. वडील कोर्टात नोकरीला होते, लिही. खोटं नाहीये."

९ फेब्रुवारी

परिचय पुढे. कायद्याच्या परीक्षेत दोनदा गचकल्या. हे लिहायचं नाही. मग बरीच वर्षं बँकांच्या बाजूने काम. "जप्तीच्या नोटिसा लिहायचे मी. अशा सुंदर की लोकांनी फ्रेम करून लावाव्यात."

मग इकडे का आल्या?

"बँकेची केस जिंकून दिली तर कोणी थँक्यू म्हणत नाही. म्हटलं तिकडे जाऊन बघू. तर इकडेही कोणी म्हणत नाही. सुटलेला माणूस रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जातो. मला बघितलं की त्याला ते दिवस आठवतात."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझी आई तेवढी नमस्कार करते."

आईची केस बाईंनीच केली होती. बाबा गेल्यावर त्यांचं कर्ज आईच्याही सहीचं निघालं. आई फी हप्त्याने देणार होती. बाई म्हणाल्या, फी राहू दे, पोरीला पाठव, माझी फाइलवाली लग्न करून गेली. अशी मी इथे आले.

बाई बोलता बोलता झोपल्या. मी पंखा बंद केला, घोरण्याचा आवाज मोठा वाटायला लागला, म्हणून परत लावला.

१९ फेब्रुवारी

काल गंमत झाली. बाई म्हणाल्या, "हे झेरॉक्स मशीन तुमच्याकडे घेऊन जा. इथे जागा अडवतंय."

मला वाटलं थट्टा. ते ऑफिसातलं सगळ्यात चांगलं मशीन आहे. पण टेम्पोवाला आलासुद्धा. बाईंनीच बोलावला होता, पैसेही त्यांनीच दिले. म्हणाल्या, "तुमच्या खिडकीसमोर परवान्याचं ऑफिस आहे ना? लोक झेरॉक्ससाठी वणवण फिरतात. आईला सांग, लोकांचे जिने पुसणं बंद."

आई मशीनभोवती फिरली. हात लावायला घाबरत होती. म्हणाली, "हे एवढं मोठं आपल्याला कशाला?" मग रात्रभर तिला झोप आली नसावी, कारण सकाळी खिडकीची काच चकाचक होती.

१२ मार्च

खिडकी चालते. सकाळी परवानेवाल्यांची रांग लागते. आईने जिन्यांचं काम सोडलं. तिच्या गुडघ्यांत पाणी झालंय, डॉक्टर म्हणाले होते आता वाकायचं नाही. आता ती स्टुलावर बसून लोकांना दटावते. "ओळखपत्र दोन्ही बाजूंनी काढा म्हणजे काढा. नंतर परत आलात तर मी नाही." लोक ऐकतात! आईचं घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं.

ऑफिसातल्या झेरॉक्स मी आता कोपऱ्यावरून काढून आणते. बाईंना म्हटलं, म्हणजे लिहून दाखवलं, घरून काढून आणते. म्हणाल्या, "नको. तिकडचं तिकडे."

२ एप्रिल

बाईंनी पलीकडची खोली सोडली. आता सगळं एका खोलीत. म्हणाल्या, एवढ्या मोठ्या जागेत आवाज घुमतो. मला काही घुमताना ऐकू आलं नव्हतं. पण झाडायला सोपं पडतं.

दोन माणसं आली होती. बसली नाहीत. बाई त्यांच्याबरोबर जिन्यात जाऊन बोलल्या.

१७ एप्रिल

स्टेपलरच्या पिना शोधताना बाईंच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत बँकेची पाकिटं, गच्च. एकही फोडलेलं नाही. कुठलातरी अशील विसरून गेला असणार. मी रबरबँड लावून बाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बघितलं आणि परत खणात टाकली.

"कुणाची?" मी विचारलं. चक्क तोंडाने विचारलं.

"आहे एक बावळट," बाई म्हणाल्या.

६ मे

बावळट त्या स्वतःच आहेत.

ज्युनियर आले, दार लावलं. मी आतच होते, मला कोणी बाहेर जा म्हणत नाही. बाई धाकट्या भावाला जामीन राहिल्या होत्या. भावाचा धंदा बुडाला, भाऊ कुठे आहे माहीत नाही, बँक आता बाईंच्या मागे आहे. बाईंचा दिवाळखोरीचा अर्ज करायचा आहे आणि ज्युनियर त्यांचे वकील.

ज्युनियर म्हणाले, "मॅडम, तुम्ही? तुम्ही तर म्हणायचात, जामीन राहण्यापेक्षा हात तोडून द्या."

"अरे, मागायला आला तेव्हा जेवत होता," बाई म्हणाल्या. "जेवत्या माणसाला नाही कसं म्हणणार."

मग ज्युनियरनी पाकिटं टेबलावर ठेवली आणि पेपर उघडून बसले. बाईंनी एकेक पाकीट फोडलं. मी पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत.

७ मे

फॉर्म भरायचा होता. ज्युनियर म्हणाले, "मॅडम, विचारावं लागणार."

"विचार ना. मीच शिकवलंय."

"गेल्या दोन वर्षांत कुणाला काही दिलंत? विकलंत? सांभाळायला ठेवलंत?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "माझ्याकडे काय असणारे द्यायला?"

ज्युनियरनी लिहिलं, नाही.

बाई विसरल्या. हल्ली बरंच विसरतात. परवा गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या वाटेतून घरी गेल्या.

१० मे

त्यांना आठवण करून द्यायला पाहिजे. सकाळपासून तीनदा त्यांच्या टेबलापाशी गेले. चौथ्यांदा आवाज निघाला. "बाई, ते मशीन."

"कुठलं मशीन?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीपण. मग म्हणाल्या, "बेकरीवाल्याची फाइल आण."

ती फाइल कधीच बंद झाली आहे. तरी आणली. त्यांनी उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून बसल्या आणि मला लवकर घरी पाठवलं.

११ मे

त्या विसरलेल्या नाहीत.

१६ मे

वकिलांच्या संघटनेकडून ज्युनियरना निरोप आला की बाईंचा परिचय आता राहू दे. ज्युनियर हे सांगायला स्वतः आले, जिना चढून. बाई म्हणाल्या, "बरं झालं. योगदान काही सुचत नव्हतं."

२३ मे

आईला सांगितलं. खिडकी बंद झाल्यावर. आई पाय बादलीत सोडून बसली होती.

आई म्हणाली, "त्यांना नाही म्हणायचंय ना? मग आपण कोण सांगणार?"

"लपवलेलं सापडलं तर त्यांचं कर्ज सुटणार नाही. कधीच."

"कोण सांगणार आहे? मशीनवर त्यांचं नाव लिहिलंय?"

मी खिडकीची कडी परत एकदा लावून बघितली.

"आणि मी परत जिने पुसायला जाऊ? हे गुडघे घेऊन? सांग ना. जाऊ?" तिने पाय बादलीतून वर काढून दाखवले. मी बघितलं नाही. मला माहीत आहेत कसे दिसतात.

मग ती मऊ झाली. टॉवेल मागितला. "बाईंनी त्यांच्या खुशीने दिलंय. आपण मागायला गेलो नव्हतो. तू तोंड उघडू नकोस. तसंही तू कुठे उघडतेस."

२४ मे

आईचं बरोबर आहे.

३० मे

बाईंचंपण बरोबर आहे. म्हणजे जेव्हा त्या बेकरीवाल्याला बोलल्या होत्या तेव्हाचं.

ज्युनियरना सांगावं असं वाटतं. त्यांच्या ऑफिसच्या खाली जाऊन आले. वर काचेचं दार आहे आणि दारात एक मुलगी बसते, ती विचारते, काय काम आहे? मी खालूनच परत आले.

८ जून

सुनावणी उद्या. बाई म्हणाल्या, फाइली धरायला ये. एकच फाइल आहे, ती त्यांना धरता आली असती.

९ जून

सगळं नीट लिहिते.

खोली लहान होती. एक टेबल, त्यामागे अधिकारी, त्यांना सर्दी झालेली. आमच्या आधी एक नवराबायको होते, ते बाहेर येताना एकमेकांचा हात धरून होते. अधिकारी बाईंना बघून उठले, मग उठायचं नसतं हे आठवलं आणि बसले. इतकी वर्षं बाई त्यांच्यासमोर लोकांना घेऊन येत होत्या.

"काय बाई. आज त्या बाजूला?"

"आज या बाजूला," बाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं, फॉर्म वाचला. बाईंना शपथ दिली. पत्ता विचारला. भावाचं विचारलं. मी भिंतीला टेकून फाइल पोटाशी धरून उभी होते. मग ते म्हणाले, "शपथेवर विचारतो. गेल्या दोन वर्षांत कुणाला काही दिलेलं, विकलेलं, सांभाळायला ठेवलेलं नाही. बरोबर?"

बाईंनी तोंड उघडलं.

"मशीन आमच्याकडे आहे," मी म्हटलं.

फार मोठ्याने म्हटलं. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "ही कोण?"

"फाइलवाली," ज्युनियर म्हणाले. त्यांचं टक्कल लाल झालं होतं.

"कसलं मशीन?"

"झेरॉक्सचं. बाईंनी दिलंय. आई चालवते. खिडकीत."

"चालतं का?"

"चालतं. दुसऱ्या ट्रेत कागद अडकतो. पण ओढायचा नाही, मागचं झाकण उघडून हळूच काढायचा."

"एवढं विचारलं नव्हतं," अधिकारी म्हणाले.

कोणीतरी हसलं. बाई हसल्या होत्या. मग त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि नेहमीच्या, लोकांना सांगायच्या आवाजात म्हणाल्या, "लिहून घ्या. फेब्रुवारीत दिलं. माझं होतं, मी दिलं. बदल्यात काही घेतलं नाही. यांची काही चूक नाही."

"फॉर्ममध्ये नाही लिहिलंय."

"हो."

"का? तुम्ही, बाई?"

बाई खिडकीकडे बघत होत्या. "दमले होते," म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. म्हणाले, सुनावणीतच सांगितलंय, तेव्हा दुरुस्ती म्हणून लिहितो. अर्ज पुढे जाईल. मशीन मात्र जमा करावं लागेल. मग त्यांना शिंका आल्या आणि पुढच्याला बोलवलं.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. ज्युनियर म्हणाले, "मॅडम, मला तरी सांगायचंत." बाई म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस. मीच तसं शिकवलंय." ते पाणी आणायला गेले.

मग बाई मला म्हणाल्या, "मी सांगणारच होते."

मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "बहुतेक."

१० जून

आईला काल सांगितलं. ती काही बोलली नाही. जेवण वाढलं, भांडी घासली, झोपली. आजपण बोलली नाही.

१५ जून

आई अजून बोलत नाही. गिऱ्हाइकांशी बोलते. माझ्याशी बोलायचं असेल तर वस्तू समोर आणून ठेवते. संपलेला साबण. फाटलेली पिशवी. मी जाऊन आणते. आता कळतं की मी बोलत नाही तेव्हा लोकांना कसं वाटत असेल.

रस्त्याने येताना जिने पुसायच्या कंपनीचा बोर्ड बघितला. उद्या मी विचारून येणार. माझे गुडघे चांगले आहेत. बाईंकडे तसंही आता फाइली नाहीत.

१६ जून

विचारलं. तोंडाने विचारलं. पुढच्या सोमवारपासून ये म्हणाले.

आईला सांगितलं तर तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

२० जून

मशीन न्यायला आज हमाल आले. ज्याचं मशीन त्याने समोर उभं राहून द्यायचं असतं, म्हणून बाईपण आल्या. त्या आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या. दारातच थांबल्या. चप्पल काढावी की नाही ते त्यांना कळेना.

खिडकीत रांग होती. आई स्टुलावर. हमाल पट्टे घेऊन आत आले तशी आई म्हणाली, "थांबा. गिऱ्हाईक आहे."

हमाल म्हणाले, "मावशी, खाली गाडी उभी आहे."

"असू दे. यांचं दोन्ही बाजूंनी काढायचंय."

तिने सगळ्यांचं काढलं. सावकाश. एका म्हाताऱ्याचा फोटो काळा आला, तो परत काढला. दुसऱ्या ट्रेत कागद अडकला, तो मागून हळूच काढला. शेवटच्या बाईला म्हणाली, उद्यापासून कोपऱ्यावर जा, तो जास्त घेतो पण काय करणार. मग मशीनवरचं फडकं घडी करून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि बटण बंद केलं. पंखा फिरत राहिला आत, मग थांबला.

हमालांनी पट्टे लावले. बाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या, रस्ता सोडून. मशीन दारातून तिरकं करून काढावं लागलं. त्या म्हणाल्या, "जपून." कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

मग खोलीत आम्ही तिघीच. मशीन होतं तिथली फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. बाई आईला म्हणाल्या, "मी तुम्हाला अडचणीत आणलं."

खांद्यावरच्या फडक्याने आईने ती फरशी पुसायला घेतली, वाकून. मग गुडघा दुखला असणार, कारण तशीच भिंतीला धरून थांबली. आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बघत काय उभी राहिलीस? बाईंना खुर्ची दे. कधीच्या उभ्या आहेत."